प्लिटवित्से, ब्लेड आणि बोहिन : सात रात्रींत कोणती तळी, कोणत्या महिन्यात?

रानवारा

क्रोएशिया (प्लिटवित्से) आणि स्लोव्हेनिया (ब्लेड, बोहिन) या दोन देशांतली तळी, एवढाच कार्यक्रम ठरवतेय. राजधान्या (झाग्रेब, ल्युब्ल्याना), समुद्रकिनारा, खरेदी यातलं काही झालं नाही तरी चालेल.

चार मोठे आणि नऊ वर्षांची मुलगी. मोठ्यांपैकी आई-बाबा सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे दुखतात. हातात सात रात्री. सुट्टी दोनदाच मिळू शकते : मे महिन्याचे शेवटचे दहा दिवस, नाहीतर दिवाळी.

माझे प्रश्न :

१. मे की दिवाळी?
२. प्लिटवित्से झाग्रेबहून एका दिवसात जाऊन-येऊन करावं की तिथे मुक्काम करावा? ए, बी, सी, ई, एफ, एच, के अशी मार्गांची नावं दिसतात. त्यातला कुठला?
३. ब्लेड आणि बोहिन दोन्ही बघण्यात अर्थ आहे का? फोटोंत तर दोन्ही सारखीच दिसतात.
४. गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरावं?

ज्यांना हा भाग नीट माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

कातळशिल्प

मे. याचं कारण पाणी.

या भागातलं प्रत्येक तळं वेगळ्या तऱ्हेने भरतं आणि वेगळ्या तऱ्हेने रिकामं होतं. तेवढं समजून घेतलं की महिना, दिवसाची वेळ आणि चालायचा मार्ग यांचे बरेचसे निर्णय सोपे होतात. प्लिटवित्सेपासून सुरू करतो, कारण तिथे चुकायला सगळ्यात जास्त वाव आहे.

प्लिटवित्से राष्ट्रीय उद्यानात नाव असलेली १६ तळी आहेत, उतरंडीसारखी एकाखाली एक. सगळ्यात वरचं प्रोश्चान्स्को समुद्रसपाटीपासून ६३६ मीटरवर, सगळ्यात खालचं ५०३ मीटरवर. म्हणजे १३३ मीटरचा उतार, आणि दोन तळ्यांच्या मधला प्रत्येक बांध पाण्याने स्वतःच बांधलेला. त्या दगडाला तिकडे ‘सेद्रा’ म्हणतात. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तोच हा चुना. डोंगरातून झिरपताना पाण्यात चुनखडी विरघळते. काठावरून पाणी उडतं, फेसाळतं, तिथे त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि चुना पाण्यात विरघळलेला राहू शकत नाही. तो शेवाळावर, सूक्ष्म जीवांच्या चिकट थरावर, पडलेल्या फांद्यांवर बसतो.

फळ्यांच्या वाटेवर खाली बसून हे अगदी जवळून बघता येतं, मुलीला नक्की दाखवा. धबधब्याच्या कडेला पावसाळ्यात आपल्या भिंतींवर चढतं तसं मखमली शेवाळ असतं. त्याचा शेंडा हिरवागार, ओला. जरा खाली तेच शेवाळ पिवळट आणि खरखरीत होतं, आणि बुडाशी त्याचा चक्क दगड झालेला असतो, आकार मात्र शेवाळाचाच. बूड दगडात अडकतं, शेंडा उजेडाकडे वाढत राहतो, आणि बांध वर्षाला साधारण एक सेंटिमीटर उंच होतो. कोझ्याक हे सगळ्यात मोठं तळं पूर्वी दोन तळी होतं. खालचा बांध भराभर वाढला, पाणी चढलं आणि मधला बांध बुडाला. तो आजही पाण्याखाली आहे.

सेद्रा तयार व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : पाणी चुन्याने संपृक्त हवं, सामू (pH) ८ च्या वर हवा, आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवा. तिसरी अट माणसामुळे मोडते. अंगावरचं सनस्क्रीन, साबण, माशांना टाकलेला पाव या सगळ्याने सेंद्रिय भार वाढतो आणि बांध वाढायचा थांबतो. २००६ पासून तिथे पोहायला पूर्ण बंदी आहे ती यासाठीच. काठाशी मासे थव्याने येतात, पण त्यांना काहीही घालू नका.

आता महिन्याचं. ‘वेलिकी स्लाप’ हा ७८ मीटरचा मोठा धबधबा तळ्यांच्या पाण्यावर चालत नाही, तो प्लिटवित्सा नावाच्या वेगळ्या ओढ्याचा आहे. ऑगस्टमध्ये ओढा रोडावतो आणि कड्यावरून चार धारा उरतात. मे महिन्यात बर्फ वितळून गेलेलं असतं, वसंतातला पाऊस चालू असतो, त्यामुळे धबधबा भरून वाहतो आणि ‘बीच’ जातीच्या झाडांना कोवळी पालवी असते. दिवाळीच्या सुमारास पानं तांबूस-सोनेरी होतात, ते दृश्य खरोखर देखणं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पावणेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. शिवाय त्या दिवसांत उद्यानातल्या बोटी आणि ट्रेनच्या फेऱ्या कमी होतात, आणि बर्फ पडलं तर वरची तळी बंद ठेवतात. लहान मूल आणि ज्येष्ठ बरोबर असताना इतका आखूड दिवस परवडत नाही.

पैशांचीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. गेल्या काही वर्षांत मोठ्यांचं एका दिवसाचं तिकीट एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये २३ युरो, जून ते सप्टेंबर ४० युरो, नोव्हेंबर ते मार्च १० युरो असं आहे. म्हणजे ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत माणशी १७ युरोंचा फरक, चार मोठ्यांचे ६८. त्यामुळे सहलीत प्लिटवित्से आधी ठेवा, स्लोव्हेनिया नंतर. सात वर्षांखाली मोफत, ७ ते १८ ला सवलत. दर दरवर्षी जाहीर होतात, उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघूनच पैसे भरा.

तिकिटावर प्रवेशाचा तास छापलेला असतो आणि त्याच तासात आत शिरावं लागतं. एका तासात किती लोक सोडायचे ते ठरलेलं आहे, सकाळचे तास आधी संपतात. उद्यान उघडतं तो पहिला तास घ्या. दहानंतर झाग्रेब आणि किनाऱ्यावरून सहलीच्या बस यायला लागतात आणि दुपारी बोटीच्या धक्क्यावर लांबच लांब रांग लागते. म्हणूनच झाग्रेबहून जाऊन-येऊन करू नका. बसला दोन ते अडीच तास लागतात, म्हणजे तुम्ही नेमके गर्दीच्या वेळेला पोहोचणार. दोन रात्री तिथे राहा. मुकिन्ये गावातून प्रवेशद्वार २ पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. येझेर्त्से थोडं लांब. कोरेनित्सा स्वस्त, पण तिथून गाडी लागते.

मार्गांचं : ए, बी, सी प्रवेशद्वार १ वरून सुरू होतात. ई, एफ, एच प्रवेशद्वार २ वरून. के सगळ्यात लांब, १८ किमीच्या पुढे, तुमच्यासाठी नाही. पूर्ण बघायचं तर सी (८ किमी) किंवा एच (सुमारे ९ किमी), दोन्हींना चार ते सहा तास. सी मध्ये खालून वर चढत जावं लागतं. एच मध्ये ट्रेन आधी वर नेऊन सोडते आणि तुम्ही पाण्याबरोबर उतरत येता. चढ कमी आणि धबधबे समोरून दिसतात, म्हणून मी नेहमी एच सुचवतो.

---

नदीकाठ

ब्लेड आणि बोहिनबद्दल लिहिते. फोटोंत सारखी दिसतात हे खरं, पाण्याचा स्वभाव मात्र अगदी उलटा. अंतर म्हणाल तर जेमतेम २५ किमी.

ब्लेड २१२० मीटर लांब, १३८० मीटर रुंद, खोली सुमारे ३० मीटर. हिमनदीने कोरलेला खड्डा, पण त्यात मोठी नदी येत नाही, छोटे ओढे आणि झरे आहेत तेवढेच. पाणी साचून राहतं, सांडपाण्यातली पोषकद्रव्यं साठली की शैवाल माजतं. विसाव्या शतकात ते इतकं वाढलं की १९६४ मध्ये शेजारच्या रादोव्हना नदीचं पाणी आणून सोडावं लागलं, आणि पुढे तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी बाहेर काढायला खोलवर नळ टाकले. तळ्यावर इंजिनाच्या बोटींना मनाई आहे. त्यामुळेच पहाटे पाणी आरशासारखं स्थिर असतं आणि मधल्या बेटाचं प्रतिबिंब सरळ उमटतं. नऊ वाजता वल्ही पडायला लागली, वारा सुटला की संपलं. ब्लेड बघायचं ते उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि मग सूर्य कलल्यावर.

बोहिन ४.२ किमी लांब, किलोमीटरभर रुंद, ४५ मीटर खोल. स्लोव्हेनियातलं सगळ्यात मोठं कायमस्वरूपी तळं, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात. इथे सावित्सा नदी एका टोकाने येते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडलेलं पाणी पुढे सावा बोहिन्का नदी होतं. तळ्याचं पाणी वर्षातून साधारण तीन वेळा आपोआप बदलतं. इथे काठावर मोठी हॉटेलं नाहीत, डोंगर सरळ पाण्यात उतरतात. या भागात पाऊस मात्र खूप, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर जातो. आपल्याकडे लोणावळ्याला जाताना छत्री न्यावी तसंच हे, पोंचो बरोबर हवेतच. बोहिनसाठी एक दिवस ठेवला आणि तो ढगात गेला तर काहीच दिसणार नाही. किमान दोन, शक्यतो तीन रात्री.

माझं मत स्पष्ट आहे : मुक्काम बोहिनला, ब्लेड पहाटे किंवा संध्याकाळी अर्ध्या दिवसात. बहुतेक लोक उलट करतात आणि बोहिनला दोन तास देऊन परततात.

ब्लेडला काय करायचं : प्लेत्नामधून बेटावर. ही लाकडी, सपाट बुडाची, वर कापडी छत असलेली बोट. नावाडी मागे उभा राहून दोन वल्ही मारतो. हा हक्क काही ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. वेळापत्रक नसतं, बोट भरली की सुटते. सुमारे वीस माणसं बसतात आणि बसायची जागा नावाडी ठरवतो, कारण बूड सपाट असल्याने वजन दोन्ही बाजूंना सारखं लागतं. पोहोचल्यावर सगळे एकदम उठले तर बोट कलते. तो हात करेल तसं डावीकडचा एक, उजवीकडचा एक, असं उतरायचं. बेटावर साधारण चाळीस मिनिटं मिळतात, जाऊन-येऊन सव्वा ते दीड तास. वर चर्चपर्यंत ९९ दगडी पायऱ्या आहेत. तिथली इच्छापूर्तीची घंटा १५३४ सालची आहे, ती वाजवायला चर्चचं तिकीट वेगळं.

वरून बघायचं असेल तर पश्चिम टोकाच्या तंबूंच्या कॅम्पजवळून ओइस्त्रित्साला (६११ मीटर) वाट जाते. अर्धा तास, शेवटचा टप्पा खडकाळ. पाऊस पडून गेल्यावर तो खडक साबणासारखा निसरडा होतो, तेव्हा टाळा. माला ओसोयनित्सा (६८५ मीटर) त्याहून चढाची, पण फोटोत दिसतो तो नजारा तिथला. आई-बाबांना ब्लेडच्या किल्ल्यावर न्या. त्याचा कडा पाण्यापासून १३० मीटर उंच आहे आणि गाडी बरीच वरपर्यंत जाते. तळ्याभोवतीची सहा किलोमीटरची वाट जवळपास सपाट आहे.

---

रानवारा

दोघांचेही मनापासून आभार. मे पक्का, क्रमही पटला.

आता दोन शंका. आईला एच मार्ग जमेल का? सपाट रस्त्यावर ती तास-दीड तास चालते, पण उतरताना गुडघा दुखतो. दुसरं, बाबा अंडं खात नाहीत. तिकडे जेवणाचं काय होईल?

---

देवराई

उतरताना गुडघा दुखत असेल तर अख्खा एच नको. प्लिटवित्सेत चढापेक्षा उतारच त्रास देतो आणि मार्गांच्या तक्त्यात फक्त किलोमीटर लिहिलेले असतात, पायऱ्या नसतात. खालची चार तळी चुनखडीच्या अरुंद घळीत आहेत, कडे उभे. तिथे प्रवेशद्वार १ कडून नागमोडी वाटेने खाली जावं लागतं किंवा तिथूनच वर यावं लागतं. वरची बारा तळी डोलोमाइटवर आहेत. तो दगड पाणी झिरपू देत नाही, म्हणून तिथे तळी पसरट आणि उतार सौम्य. त्यामुळे आईंसाठी वरची तळी.

असं करा. सगळे मिळून प्रवेशद्वार २ वरून आत जा, एसटी-२ या उद्यानातल्या थांब्यावर ट्रेन पकडा (ही रबरी चाकांची, रस्त्यावर चालणारी गाडी आहे) आणि एसटी-४ ला उतरा. तिथून वरच्या तळ्यांमधून हळूहळू पी-२ या बोटीच्या धक्क्यापर्यंत या. इथे आई-बाबांनी पी-१ ची छोटी बोट घ्यावी, पाच मिनिटांत पलीकडे. पी-१ वरून प्रवेशद्वार २ पर्यंत थोडा चढ आहे तेवढाच. बाकीच्यांनी पी-२ वरून पी-३ ची मोठी फेरी घ्यावी, सुमारे वीस मिनिटं, आणि खालची तळी करून वेलिकी स्लापला जावं. बोटी विजेवर चालतात, आवाज जवळजवळ नाही. बोट आणि ट्रेन दोन्ही प्रवेशाच्या तिकिटात येतात.

आईंचा मोठा धबधबा हुकणार नाही. थोडी विश्रांती झाली की एसटी-२ वरून एसटी-१ ला ट्रेनने जावं आणि घळीच्या कडेकडेने प्रवेशद्वार १ च्या बाजूला चालत यावं. तिथल्या कठड्यावरून खाली हिरवं पाणी, फळ्यांची वाट आणि समोर वेलिकी स्लाप, सगळं एकाच नजरेत येतं. खाली जाऊन बघण्यापेक्षा हे दृश्य कमी दर्जाचं मुळीच नाही. तुम्हीही खालून चढून तिथेच येणार, म्हणजे भेटायची जागा तीच ठरवा.

फळ्यांच्या वाटांना बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत, आणि धबधब्याच्या तुषारांनी लाकूड कायम ओलं. चप्पल, सँडल, गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज नकोत. खोल नक्षीचा रबरी सोल हवा. मुलीला आतल्या बाजूने चालवा. गर्दीत समोरून येणाऱ्यांना वाट देताना कडेला सरकून लोक पाण्यात पडतात, फोटोसाठी मागे सरकतानाही. काठी नेणार असाल तर टोकाला रबरी बूच हवं, टोकदार काठी फळ्यांच्या फटीत अडकते. आत कचऱ्याच्या पेट्या मोजक्याच आहेत, एक पिशवी जवळ ठेवा.

जेवणाचं. अंडं न खाणाऱ्यांनी तीन ठिकाणी जपायचं. ब्लेडची प्रसिद्ध ‘क्रेमना रेझिना’, म्हणजे चौकोनी क्रीम केक, त्यातला पिवळा थर अंड्याच्या कस्टर्डचाच असतो. ‘श्त्रुक्ली’ म्हणजे ताज्या चीजचं सारण भरलेल्या गुंडाळ्या. यांच्या पिठात आणि सारणात अंडं असू शकतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. घरगुती नूडल्समध्येही तेच. बोहिनला कुट्टूच्या पिठाचे ‘झ्गान्त्सी’ मिळतात. ते मुळात पीठ, पाणी आणि मीठ, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले कण घालायची पद्धत आहे. ते नकोत असं मागवतानाच सांगावं लागतं. सूप ‘भाजीचं’ असलं तरी पाणी मांसाचं असू शकतं. प्लिटवित्सेच्या लिका भागात चीज आणि बटाटे चांगले असतात, ते भाजून घेतले की पोट भरतं. सोपा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. डाळ, तांदूळ, मसाले बरोबर असले की रात्रीचा प्रश्न मिटतो. दूध-दुभतं किंवा त्याचे पदार्थ मात्र भारतातून नेऊ नका, युरोपीय संघात प्रवाशांना ते आणायला मनाई आहे आणि विमानतळावर काढून घेतात. म्हणजे तूपही तिकडेच लोण्याचं कढवा.

---

मैलाचा दगड

गाडी की बस, आणि व्हिसा.

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट) आहे आणि चलनही युरो झालंय. त्याआधीच्या प्रवासवर्णनांत कुनाचे भाव आणि दोन व्हिसांचा घोळ दिसतो, तो आता लागू नाही. एकच शेंगेन व्हिसा. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे जास्त रात्री आहेत. रात्री समसमान असतील तर ज्या देशात आधी शिराल त्याच्याकडे. तुमच्या बेतात स्लोव्हेनियाच्या रात्री जास्त होणार असं दिसतं. मग झाग्रेबला उतरत असलात तरी अर्ज स्लोव्हेनियाचा. इथे गफलत झाली की अर्ज फेटाळला जाऊ शकतो, म्हणून आधी रात्रींचा हिशेब पक्का करा, मग आरक्षणं, मग अर्ज.

शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, अर्जकेंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. मेच्या सुट्टीसाठी मार्च-एप्रिलमध्ये भेटीच्या वेळा मिळत नाहीत, जानेवारीतच उरकून टाका.

शेंगेन असलं तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये स्लोव्हेनियाने क्रोएशियाच्या हद्दीवर तपासणी पुन्हा सुरू केली. बसमध्ये पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवू नका.

पाच माणसं आणि सामान म्हणजे गाडीच सोयीची. काही गोष्टी सांभाळा :

गाडी घेतली त्याच देशात परत करा. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर त्याचं शुल्क भरमसाठ असतं. ल्युब्ल्यानाला घेऊन ल्युब्ल्यानालाच सोडली तर स्लोव्हेनियाच्या महामार्गाची ई-विन्येता, म्हणजे डिजिटल टोल परवाना, गाडीला बहुधा आधीच असते. तरी करार करताना विचारा. क्रोएशियात घेतलेल्या गाडीला ती आपण काढावी लागते, आठवड्याची सुमारे १६ युरो, आणि सरहद्द ओलांडण्याआधीच. विसरलात तर दंड किमान ३०० युरो. क्रोएशियात मात्र नाक्यावर अंतरानुसार टोल.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून निघण्याआधी काढा, भारतीय परवाना मूळ रूपात बरोबर ठेवा. सरहद्द ओलांडणार हे भाडेकरारात लिहून घ्या, नाहीतर विमा लागू होत नाही. स्लोव्हेनियात १५० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बूस्टर सीट सक्तीची आहे. नऊ वर्षांच्या मुलीला ती लागणारच, गाडीबरोबर मागवून ठेवा.

प्लिटवित्से ते ब्लेड सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, चार-साडेचार तास. वाटेत प्लिटवित्सेच्या उत्तरेला तीस किलोमीटरवर स्लुन्य गावात रास्तोके आहे. तिथे स्लुन्चित्सा नदी सेद्राच्याच पायऱ्यांवरून कोरानात पडते, धबधब्यांवर जुन्या पाणचक्क्या आहेत. तासभर पुरतो, आणि पाय दुखणाऱ्यांनाही जमतं.

बसने जायचं तर झाग्रेब ते प्लिटवित्से सरळ बस भरपूर आहेत. मात्र प्लिटवित्सेहून ल्युब्ल्यानाला जायला साधारणपणे झाग्रेबला बदलावं लागतं, पूर्ण दिवस जातो. उद्यानाचा थांबा रस्त्यावरचा आहे आणि आरक्षण नसेल तर भरलेली बस थांबतही नाही. परतीचं तिकीट आधीच काढा.

---

नदीकाठ

आगगाडीचं राहिलं, ते जोडते. मुलगी आहे म्हणून मुद्दाम. ब्लेडला दोन स्थानकं आहेत आणि इथे पुष्कळ जण चुकतात. ‘लेस्त्से-ब्लेड’ ल्युब्ल्यानाच्या मुख्य मार्गावर, पण तळ्यापासून चार किलोमीटर. ‘ब्लेड येझेरो’ तळ्याच्या पश्चिमेला, १९०६ मध्ये सुरू झालेल्या डोंगरी मार्गावर. या दुसऱ्या स्थानकावरून बोहिन्स्का बिस्त्रित्साला वीस मिनिटं लागतात, घळीतून आणि बोगद्यांतून. तिथून तळं सहा किलोमीटर, बस मिळते. गाडी असली तरी मुलीला घेऊन एकदा हा प्रवास करा.

बोहिनचा एक दिवस असा जातो : सकाळी लवकर तळ्याकाठच्या रिब्चेव लाझ गावातल्या दगडी पुलावर. नदी तळ्यातून बाहेर पडते ती याच पुलाखालून. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजता येतात आणि मासे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी स्थिर उभे असतात. शेजारी जुनं चर्च आहे. मग विजेच्या बोटीने दुसऱ्या टोकाला उकांत्सला. तिथून वोगेल डोंगराची केबल कार ५६९ मीटरवरून १५३५ मीटरवर पाच मिनिटांत नेते. वरून अख्खं तळं आणि समोर त्रिग्लाव शिखर (२८६४ मीटर). आई-बाबांसाठी सगळ्या सहलीतलं सर्वांत मोठं दृश्य बिनचढाचं हेच. केबल कार वसंतात आणि शरदात देखभालीसाठी काही दिवस बंद असते. तारखा बघून मगच बोहिनच्या रात्री ठरवा. ढग असतील तर वर जाऊ नका, पैसे वाया. सकाळीच वरच्या कॅमेऱ्याचं चित्र त्यांच्या संकेतस्थळावर दिसतं.

सावित्सा धबधब्यालाही ७८ मीटर, वेलिकी स्लापएवढीच उंची. तिकिटाच्या खिडकीपासून वर पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, तेव्हा आईंना खालीच बसवा. मे अखेरीस तळ्याचं पाणी पोहण्याएवढं कोमट नसतं, पाय बुडवण्यापुरतंच.

---

कातळशिल्प

देवराई यांनी सांगितलेला मार्ग माझ्यापेक्षा चांगला आहे, तोच धरा. पी-२ ला दोन वेगवेगळ्या बोटींच्या रांगा लागतात. आई-बाबांना पी-१ च्या रांगेत उभं करून मगच तुम्ही पी-३ च्या रांगेत जा.

रात्रींची वाटणी : झाग्रेब किंवा ल्युब्ल्याना १ (विमान जिथे उतरेल तिथे), प्लिटवित्से २, बोहिन ३, शेवटची ल्युब्ल्याना १. व्हिसासाठी स्लोव्हेनियाच्या निदान चार रात्री होतात.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं असेल तर त्सेर्क्नित्साच्या तळ्याला जा, ल्युब्ल्यानाहून पन्नास किलोमीटरच्या आत. हे तळं दरवर्षी भरतं आणि नाहीसं होतं. जमीन चुनखडीची, खाली पोकळ. पाऊस आणि वितळलेलं बर्फ आलं की जमिनीतल्या तोंडांमधून पाणी वर उसळतं आणि वीसहून जास्त चौरस किलोमीटरचं तळं होतं. कोरड्या दिवसांत तेच पाणी गिळणविवरांतून खाली जातं आणि उरतं ते गवताचं कुरण, लोक तिथे गवत कापतात. वाल्वासोर या कार्नियोलाच्या (आता स्लोव्हेनियाचा भाग) विद्वानाने सतराव्या शतकात याचं कोडं उलगडायचा प्रयत्न केला आणि १६८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं.

मे अखेरीस पाणी किती असेल ते त्या वर्षीच्या पावसावर. भरलेलं असेल तर काठाने फिरा. ओसरत असेल तर गावकऱ्यांना रेशेतो किंवा वोदोनोस ही नावं सांगून विचारा, ही गिळणविवरांची ठिकाणं आहेत. पाणी मावळत असताना तिथे कान दिला तर जमिनीखालून घरघर ऐकू येते. काठाच्या मातीत पाय खोल रुततो. कच्च्या रस्त्यावरच राहा, गाडी गवतात उतरवू नका.